गल्ली नंबर सहामधला पोटभाडेकरू

जबाब
पोलीस चौकी, धुळे, जिल्हा पश्चिम खानदेश
ता. २२ जानेवारी १९५७, दुपारी चार वाजता

मी, शेवंताबाई कोम तोताराम फेगडे, वय ५२ वर्षे, धंदा शेती व घरमालकी, राहणार सावदा, तालुका रावेर, जिल्हा पूर्व खानदेश, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, धंद्याच्या जागी जमादारसाहेबांनी आधी 'घरकाम' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. घरकाम मी करतेच. पण धुळ्यात मी घरमालकीण म्हणून आले आहे.

माझे यजमान कै. तोताराम यांनी सन १९४९ मध्ये केळीच्या चांगल्या पिकावर धुळे येथे गल्ली नंबर सहात दोन खोल्या आणि पडवी असं घर विकत घेतलं. सावद्यात मळा घ्यायचा सोडून इतक्या लांब घर कशाला, असं मी तेव्हा विचारलं होतं. ते म्हणाले, "केळीला थंडी बाधते, वारा बाधतो. भाड्याच्या घराला काय बाधतं?" चार वर्षांपूर्वी ते वारले. तेव्हापासून घर मी सांभाळते, म्हणजे पोस्टकार्डावर सांभाळते. मला लिहितावाचता येत नाही. आमच्याकडचे पोस्टमन सुपडूभाऊ आलेलं कार्ड वाचून दाखवतात आणि मी सांगेन ते उत्तर लिहून देतात. कौलं फुटली, मोरी तुंबली, भिंतीला ओल आली, सगळं मी सावद्यात ओट्यावर बसून दुरुस्त करून घेतलं. घर मात्र आज सकाळपर्यंत डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

घरात पहिल्यापासून गफूर पिंजारी आणि त्याची बायको अमिनाबी हे भाडेकरू आहेत. गफूर गाद्या भरतो. त्याच्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. एकदा मी घरात माणसं किती, असं विचारलं होतं. त्याचं कार्ड आलं, "दोघंच. लग्नाला बारा वर्षं झाली, अल्लाची मर्जी." ते कार्ड मी सुपडूभाऊंकडून दोनदा वाचून घेतलं. मला स्वतःला मूलबाळ नाही. याचा प्रकरणाशी संबंध नाही असं जमादारसाहेब आत्ता म्हणाले. संबंध आहे, म्हणून लिहून घ्यावं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मला एक बिननावाचं कार्ड आलं. मजकूर असा, "तुमच्या धुळ्याच्या घरी गफूर पिंजारीकडे गेल्या चार महिन्यांपासून पोटभाडेकरू आहे. तुम्ही मालकीण, तुम्हाला कळवणे आमचे कर्तव्य. लवकर येऊन काय तो बंदोबस्त करावा." सुपडूभाऊंनी ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, "अगं बाई, अमिनाबीला दिवस गेले!" सुपडूभाऊ म्हणाले, "तसंच दिसतंय, अक्का. शहरातली माणसं उघड बोलत नाहीत." मलाही तो शब्द फार आवडला. पोटातला भाडेकरू. नऊ महिने राहणार, फुकट राहणार, वर लाथा मारणार. लिहिणारा मोठा गमत्या माणूस असला पाहिजे असं मला वाटलं. हा माझा गैरसमज होता.

चार झाले म्हणजे पाच राहिले, असा हिशेब करून मी तयारीला लागले. दोन झबली आणि एक टोपडं शिवलं. डिंकाचे एकवीस लाडू वळले. ते बाळंतपणानंतरचे असतात हे मला ठाऊक आहे, पण मला दम निघेना. आनंदाच्या भरात गुळाचा पाक पुढे गेला आणि लाडू कडक झाले. माझ्या हातून पाक चुकला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा आणि तेही सरकारी कागदावर कबूल करते आहे.

काल सावद्याहून निघून भुसावळ, चाळीसगाव अशा गाड्या बदलत आज सकाळी धुळ्याला उतरले. गल्ली सापडली, पण आपलं घर कोणतं ते कळेना. म्हणून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारलं. दुकानदार म्हणजे फिर्यादी पितांबर. मी सावद्याची घरमालकीण, असं म्हणताच ते गल्ल्यावरून उठले, मला खुर्ची दिली, आलं घातलेला चहा मागवला. कार्ड त्यांनीच लिहिलं होतं असं ते स्वतः म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, तोंड गोड करा." आणि लाडवाचा डबा उघडला.

पितांबर यांनी मला विचारलं, हे लाडू कशाचे? मी सांगितलं, पोटभाडेकरूचे. ते आधी हसले. मग त्यांनी मला समजावून दिलं की पोटभाडेकरू म्हणजे भाडेकरूनं परस्पर ठेवलेला दुसरा भाडेकरू, आणि मालकाला न विचारता असं केलं तर मालकाला घर खाली करून घेता येतं. ते म्हणाले, "अक्का, घर तुमनं शे. त्यास्ले काढा, माले द्या. गोदाम करसू, दुप्पट भाडं देसू."

मी विचारलं, "म्हणजे बाळ नाही?"

त्यावर पितांबर यांनी अमिनाबीला उद्देशून एक शब्द वापरला. जमादारसाहेबांनी तो कोणता हे विचारलं. तो मी सांगणार नाही. तो शब्द मी सावद्यात तीस वर्षं ऐकला आहे, विहिरीवर, लग्नात, हळदीकुंकवात, आणि नेहमी पाठ वळल्यावर. आज तो पहिल्यांदा तोंडासमोर ऐकला, तो दुसरीबद्दल होता एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात लाडू होता. तो मी फेकला. नेम धरला नव्हता, तरी बरोबर लागला.

पितांबर यांची आरडाओरड ऐकून शेजारच्या घरातून एक बाई धावत आली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. म्हातारी बाई थरथरते आहे एवढंच पाहून मला हाताला धरून आपल्या पडवीत नेलं, नव्या गादीवर बसवलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. मी म्हटलं, "तू अमिनाबी. मी शेवंताबाई." तिच्या हातातला पेला तिथंच थांबला. गादी भरत बसलेला गफूर उठून उभा राहिला, अंगभर कापूस. माझ्याच घरात मला बघून माणसं भेदरली, हे मला अजिबात आवडलं नाही.

इतक्यात आतल्या खोलीतून एक पोरगी कमरेवर हात ठेवून सावकाश बाहेर आली. नाव कुंदाबाई, वय एकोणीस, सातवा महिना. तिचा नवरा गिरधर आग्रा रोडवर ट्रक चालवतो, पंधरा पंधरा दिवस घरी नसतो. त्यांच्या आधीच्या घराचं छप्पर पावसाळ्यात बसलं, तेव्हा अमिनाबीनं तिला आपल्याकडे आणलं. मी विचारलं, "भाडं किती घेता?" अमिनाबी म्हणाली, "हाई मनी पोर शे, माय. भाडं कसानं?" म्हणजे आपल्याच लेकीकडून कोणी भाडं घेत नाही.

मी त्या पोरीच्या पोटाकडे बघितलं आणि मला जे हसू फुटलं ते आवरेचना. आधी अमिनाबी घाबरली. मग मी तिला कार्डाची हकीकत सांगितली, तेव्हा तीही पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग तिचे डोळे भरून आले, माझेही. गफूर मात्र गंभीरच होता. टोपडं कुंदाबाईच्या हातात दिलं, तेवढ्यात शिपाई बोलवायला आला.

फिर्यादीत 'दगडासारख्या कठीण वस्तूनं मारहाण' असं लिहिलं आहे. ती वस्तू खाण्याची होती हे सिद्ध करण्यासाठी मी एक लाडू जमादारसाहेबांना दिला. त्यांनी तो फोडायला फरशीवर आपटला. फरशीला काही झालं नाही, लाडवालाही नाही. मग त्यांनी तो चहात बुडवून खाल्ला आणि चव चांगली आहे असं म्हणाले. तेही लिहून घ्यावं. पितांबर यांच्या कपाळावरचं टेंगूळ खरं आहे, त्याचं मला वाईट वाटतं. त्या शब्दाचं त्यांना वाईट वाटतं का, ते त्यांना विचारावं.

शेवटी जमादारसाहेबांनी मला विचारलं, तुमच्या घरात पोटभाडेकरू आहे की नाही, एवढंच नीट सांगा. त्या वेळी पितांबर बाकावर पुढे सरकून बसले होते आणि गफूर दाराशी हात जोडून उभा होता. मी म्हटलं, "आहे." गफूरची मान खाली गेली. मी म्हटलं, "पुढचंही लिहा."

हा जबाब मला चौकीत सर्वांसमक्ष मोठ्यानं वाचून दाखवण्यात आला. मी बोलले तसाच उतरला आहे, कमीजास्त काही नाही. राहिलं ते असं की, सदर पोटभाडेकरू कुंदाबाईच्या पोटात राहतो. तो चैत्रात बाहेर येईल. त्यानंतर त्यानं आपल्या आईबापासह आणि गफूर-अमिनाबीसह माझ्या घरात पाहिजे तितकी वर्षं राहावं, त्याला मालकिणीची परवानगी आहे. परवानगी लेखी लागते म्हणतात, म्हणून या कागदावर अंगठा करते.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा,
शेवंताबाई कोम तोताराम फेगडे, घरमालकीण