चाकांच्या दोन रेघा

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. माणसाच्या हातून चूक झाली, पण ती झाली प्रेमापोटी — तर ती माफ होते का?

पुढच्या ओळीतल्या मावशी लगेच मान डोलवतायत — होते, होते! मावशी, थांबा. मीही अशीच मान डोलवली होती. तिची आज लाज वाटते. का, ते शेवटी सांगतो.

कराडच्या बाहेर, नव्या वसाहतीत श्रीनिवासराव खांबेटे म्हणून गृहस्थ. मोजणी खात्यातून निवृत्त. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या — साखळी टाकली, खुंट ठोकला, हा बांध तुझा, तो बांध त्याचा! स्वतःची जमीन किती? बंगलीपुढचं अंगण, वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद. आणि त्यात काय? मुरूम! दुपारी चप्पल घालून उभं राहिलं तरी चटका बसावा असला मुरूम.

त्यांची पत्नी कुमुदताई. हृदय थकलेलं, पायांत त्राण नाही, सगळा दिवस चाकांच्या खुर्चीत. डॉक्टरांनी श्रीनिवासरावांना बाजूला घेतलं. म्हणाले, "फार दिवस नाहीत. मागतील ते द्या." तुम्ही आम्ही काय मागितलं असतं? पेटीवाले बंडोपंत हसतायत, म्हणजे त्यांची यादी तयार आहे! कुमुदताईंनी मागितलं ते ऐका.

"अहो, माहेरच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, श्रावणात गवत असायचं. अनवाणी पाय ठेवला की गारवा थेट डोक्यापर्यंत जायचा. एकदा तसे पाय टेकवायचेत."

बस, एवढंच! दारात गवत हवं.

श्रीनिवासरावांनी मुरूम खणून काढला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मंडळी! काळी माती आणली, शेणखत मिसळलं, सुतळी लावून सगळं सपाट केलं. मोजणीवाला माणूस तो, इंचभर उंचसखल खपायचं नाही. मग गेले नर्सरीवाल्या बाबरांकडे, गवताचं बी आणायला.

बाबर म्हणाले, "सायेब, बी पसरा, वर नखभर माती टाका आन् दाबा. रूळ नसंल तर फळी ठिवून तिच्यावर हुबं ऱ्हावा. बी मातीला चिकटलं पायजे. मंग तीन आठवडं त्याच्यावर पाय ठिवायचा न्हाई."

आता माणसाचे कान बघा! ऐकलं सगळं, घरी काय नेलं? पाय ठेवायचा नाही. तेवढंच! दाबायचं राहिलं दुकानातच. आणि तीन आठवडे? अहो, खांबेट्यांच्या घरचा नवरात्रातला घट सगळ्या वसाहतीत नावाजलेला. टोपलीत माती, त्यात धान्य, वर मातीचा जाड थर, रोजचं पाणी — आणि नवव्या दिवशी वीतभर अंकुर! चाळीस वर्षं हे स्वतःच्या हातानं केलेलं. मग गवताला तीन आठवडे कशाला? नऊ दिवस पुरेत. श्रद्धेनं पेरलं की नवव्या दिवशी उगवतं, हा त्यांचा हिशोब.

पेरलं. घटासारखा जाड थर दिला. नवव्या दिवशी पाहतात — काळी माती! उचलली कुदळ, सगळं उलथंपालथं केलं, पुन्हा पेरलं. पुन्हा नववा दिवस, पुन्हा काळी माती, पुन्हा कुदळ.

खिडकीतून कुमुदताई म्हणाल्या, "अहो, थोडं थांबा ना."

थांबायला वेळ कुठाय, हे ओठांवर आलं आणि त्यांनी गिळलं. कसं सांगणार? कुणाला सांगणार?

तिसऱ्या वेळी त्यांना वाटलं, थर जड झाला असेल. मग बी नुसतं वरवर भुरभुरलं आणि पिशवी घेऊन मंडईत गेले.

इकडे कुमुदताईंनी काय करावं? ओसरीच्या उतारावरून खुर्ची हळूच खाली घेतली. दोन्ही हातांनी चाकं ढकलत अंगणाच्या मध्यापर्यंत गेल्या. गवत नव्हतंच. पण मातीचा वास होता, कोवळं ऊन होतं. तिथं एक वळसा घेतला. तेवढ्यात फाटक वाजलं.

श्रीनिवासरावांनी पाहिलं. पोह्यासारख्या भुसभुशीत मातीत चाकांच्या दोन खोल रेघा! हातातली पिशवी खाली पडली, मेथी विखुरली.

"अगं, काय केलंस हे? सगळं चेपून टाकलंस! कुणासाठी मरतोय मी इथं? तुलाच धीर नाही?"

चाळीस वर्षांत आवाज चढला नव्हता, तो त्या दिवशी चढला.

कुमुदताई खाली मातीकडे बघत म्हणाल्या, "पाय नाही हो ठेवला मी. चाकंच होती." मग म्हणाल्या, "उगवेपर्यंत नाही येणार बाहेर."

आणि नाही आल्या! आठ दिवस. खिडकीसुद्धा लावून घेतली. श्रीनिवासरावांना रोज वाटे, आज म्हणावं, कुमुद, चुकलो. मग वाटे, गवत उगवलं की उचलूनच नेऊ, तेव्हा म्हणू. मंडळी, त्या शब्दाला काय गवत लागत होतं?

नववा दिवस. सकाळी कुदळ बाहेर काढून भिंतीला टेकवली. म्हटलं आधी तिला चहा देऊ. चहा घेऊन आत गेले. कुमुदताई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. हाक मारली. पुन्हा मारली. त्या गेल्या होत्या.

कुदळ तिथंच राहिली. सुतकात कोण उचलतो? शेजारच्या ओकबाई तेवढ्या कुंपणावरून सकाळ-संध्याकाळ नळी धरायच्या, कुमुदताईंची हौस म्हणून.

तेरावा झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी श्रीनिवासराव ओसरीवर आले. बघतात तर ओसरीच्या उतारापासून अंगणाच्या मध्यापर्यंत दोन हिरव्या रेघा. तिथं एक वळसा. आणि परत दोन रेघा, ओसरीपर्यंत. बाकी सगळं अंगण काळं!

बाबर भेटायला आले होते. बिचाऱ्यांना त्या दिवशीचं काय ठाऊक? ते सहज बोलून गेले, "सायेब, बाईंची चाकं फिरली तेवढंच रुजलं बगा. बाकीचं बी चिमण्या-मुंग्यांनी न्हेलं. म्या दाबायला सांगितलं हुतं न्हवं?"

श्रीनिवासराव आत गेले. रिकामी खुर्ची आणली, उतारावर उभी केली. म्हणाले, "कुमुद, ये बाहेर. उगवलंय."

मंडळी, इथं आख्यानात देव येतो. मला आणता येईल. मृदंगावर थाप पडेल, तुमचे डोळे भरतील, बुक्का लावून घरी जाल. पण तिथं कुणी आलं नाही. चैत्रात त्या रेघाही वाळल्या. त्यांनी पुन्हा पेरलं नाही.

एकदा कीर्तन संपल्यावर ते माझ्याकडे आले. हा सगळा प्रकार सांगितला आणि विचारलं, "बुवा, प्रेमापोटी चूक झाली तर माफ होते का?" मी मान डोलवली. होते, म्हटलं, देव दयाळू आहे! ते म्हणाले, "देवाचं नाही विचारत मी. माझ्यावर रागावली होती ती कुमुद." आणि चपला शोधत निघून गेले. त्या डोलवलेल्या मानेची लाज वाटते ती म्हणून.

आता तुमचं बोला! कुणासाठी मरमर करताय? आणि त्याच माणसाला सकाळी काय बोलून आलात? तो बाहेर यायचा थांबलाय का? खिडकी लावून घेतलीय का?

मंडळी, आज आरतीला थांबू नका. आरती मी आणि बंडोपंत करतो. तुम्ही घरी जा.