आलीच आहे पेटी, तर...

“बाई, धडधाकट माणसाला आडवं पाडून काय बघतायसा वो?”

सहा वर्षांपूर्वी शेवंता मावशींनी मला हे ऐकवलं होतं. माझ्याच घरात, माझ्या मनगटावरची जेली पुसता पुसता. मी तेव्हा हसले होते. आज त्यांच्या फोटोला हार घातला आहे, आणि मला बोलायला उभं केलं आहे.

इथे जमलेल्या माझ्या भावाबहिणींनो, मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. माझं काम कागदावर लिहिण्याचं. समोर मावशींची मुलगी सुमन बसली आहे. तिच्याकडे बघून बोलणं अवघड आहे. तरी बोलते.

ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. मावशी या दवाखान्यात आया होत्या. गडमुडशिंगीहून रोज पहिल्या गाडीने यायच्या. आपल्याकडे कार्डिओग्रामचं यंत्र आलं, छातीत दुखणाऱ्यांसाठी, तेव्हापासून ते पुसायचं, उचलायचं, बायका तपासताना जवळ थांबायचं, हे सगळं त्यांच्याकडे. लाकडी खोक्यातलं यंत्र. तुम्ही सगळे त्याला पेटी म्हणता. एवढ्या मोठ्या दवाखान्यात एकच पेटी. तिच्या उद्घाटनाला मी हजर होते. गोरगरिबांच्या हृदयाची काळजी सरकारला आहे, असं भाषण झालं. पेढे वाटले.

आणि मग पेटी बंगल्यांवर जायला लागली. फोन यायचा, जीप निघायची. टेक्निशियन पुढे ड्रायव्हरशेजारी. मागे मावशी आणि त्यांच्या मांडीवर पेटी. घरोघरी बायका असायच्या, म्हणून मावशी हव्यात. आणि पेटी उचलून जिना चढायलाही मावशीच हव्यात.

माझ्या घरीही आली होती. वडिलांना दोन दिवस दम लागत होता. रिक्षाने दवाखाना दहा मिनिटांवर. पण ओळखीच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी पाठवली, आणि पेटी दारात. वडिलांचं झाल्यावर मी म्हणाले, “आलीच आहे पेटी, तर माझाही काढून घ्या.” मला काहीही होत नव्हतं. तेव्हाच मावशी ते बोलल्या. वर म्हणाल्या, “काळीज ब्येस हाय तुमचं. उठा, आता च्या टाका.” बोलणं असं, हात मात्र मऊ. चहा झाल्यावर त्यांनी आपला कप स्वतः विसळला आणि मोरीजवळ पालथा घातला. मी नको म्हटलं नाही.

त्या वेळी दवाखान्याच्या बाकावर कोण ताटकळत बसलं असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. लिहिणारी बाई म्हणवते मी. लोकांची दुःखं लिहिते. मला माझी किळस येते, हे आधी सांगते. मग बाकीचं.

मागच्या आठवड्यात काय झालं, ते ज्याने पाहिलं त्याने मला सांगितलं. त्याला नोकरी करायची आहे, म्हणून मी बोलते.

सकाळी मावशी टेक्निशियनला म्हणाल्या, “डावा हात भरून आलाय की. पित्त असंल.” तो म्हणाला, “मावशी, पडा, कार्डिओग्राम काढूया.” एवढ्यात राजारामपुरीतून फोन आला. एक मोठे गृहस्थ काशीला निघाले होते. तब्येत ठणठणीत, फक्त निघण्यापूर्वी खात्री करायची होती. बाकावर मुरगूडहून एसटीने आलेला एक शेतमजूर छातीला हात लावून बसला होता. त्याला सांगितलं, उद्या या. मावशींनी पेटी उचलली.

गृहस्थांचं झालं. मग कुणी म्हणालं, आलीच आहे पेटी, तर वहिनींचाही काढा. मग आत्याबाईंचा. मग सुट्टीला आलेल्या जावयांचाही. हसू नका. मीही हेच म्हणाले होते. मावशी एकेकाच्या हातापायांना पट्टे बांधत होत्या, अंगावरचं लुगडं घामाने भिजलं होतं. टेक्निशियन हळूच म्हणाला, “मावशी, पडा हितंच. काढतो तुमचा.”

त्या म्हणाल्या, “ह्यांच्या पलंगावर? खुळा का काय तू? चादर खराब हुईल त्यांची. दवाखान्यात गेल्यावर काढू की.”

परतीच्या वाटेवर, जीपमध्ये, मावशी गेल्या. पेटी मांडीवर होती.

माझ्याआधी जे बोलले, ते म्हणाले की मावशींना कर्तव्य बजावताना मरण आलं. कुणाचं कर्तव्य? कशाचं? एक जण म्हणाले, यंत्र वेळेत मिळालं असतं तर त्या वाचल्या असत्या. अहो, यंत्र त्यांच्या मांडीवर होतं. आणखी किती जवळ यायला हवं होतं? आणखी एक जण म्हणाले, दुसऱ्या पेटीची मागणी वर पाठवली आहे. येऊ दे की. दुसरी आली की दोन जीपा निघतील.

यंत्रं कमी आहेत, खरं आहे. पण जे एक आहे ते कुणाचं, हे आपण कधीच ठरवून टाकलं आहे. कुठल्याही सरकारी कागदावर ते लिहिलेलं नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे. मावशींनाही होतं. म्हणून तर बंगल्यातल्या पलंगावर त्या आडव्या झाल्या नाहीत.

सुमन, तुझी आई भित्री नव्हती. मला तोंडावर बोलणारी बाई होती ती. तिलासुद्धा आपण एवढं शिकवून ठेवलं होतं, की जीव जातानाही चादरीची काळजी वाटावी.

आता दोन मिनिटं शांत राहायचं आहे. रीत अशी की सगळ्यांनी उठायचं. मी वेगळं मागते. ज्यांच्या घरी पेटी आली होती, तेवढ्यांनीच उठावं. बाकीच्यांनी बसून राहावं. आयांनी बसावं, वॉर्डबॉयनी बसावं, सुमनने बसावं. आपण किती जण आहोत ते तिला एकदा बघू द्या.

तुम्ही हे करणार नाही, मला ठाऊक आहे. पुढच्या रांगेतले आत्ताच एकमेकांकडे बघायला लागले आहेत. सगळे एकदम उठतील, म्हणजे कुणीच ओळखू येणार नाही. तरी हात जोडून विनंती करते.

मी उभी आहे. बाकीच्यांनी कृपा करून बसावं.