जंगलात जायची मनाई

आता तुमी हासून राहिले, पण तवा मले परत जेलात टाकाची पाळी आली होती. इंग्रजाच्या राज्यात दरेकशाच्या सरकारी जंगलातलं गवत कापलं म्हणून मले जेल झाली. मंग चांगली वागीन या बोलीवर सोडलं. वर्षभर बाजाराच्या दिवशी चौकीत हजेरी द्यायची आणि जंगलात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर परत आत.

पहिल्याच हजेरीले जमादार चारचौघात मोठ्यानं म्हणे, "क्यूं बाई, जंगल गयी थी क्या?"

मी म्हणलं, "हो ना साहेब, आज सकाळीच."

"किसके साथ?"

"गावातल्या साऱ्या बाया होत्या."

त्याले वाटलं, टोळीच सापडली. म्हणे, "हाथ में विळा था?"

"नाही साहेब, लोटा होता."

लोक हासू लागले. जमादार तापला. "फिर गयी तो अंदर कर दूंगा."

"करा ना. जंगल बंद असन तर उद्या सकाळपासून आमी साऱ्या बाया तुमच्या चौकीच्या मागंच येऊन बसतो."

मंग वर्षभर त्यानं हजेरीले नुसती माही तब्येत विचारली, आणि मी वर्षभर गवत कापलं.