ट्रकच्या डाव्या दाराशी

डिचोलीच्या बसस्टँडवर सत्यवती फोंड्याच्या गाडीची वाट पाहत होती. वडिलांच्या बाराव्याचं सामान मांडीवर होतं. शेजारच्या बाकावर एक कॉलेजातली मुलगी आईवडिलांच्या मधे बसून मोटरसायकल मागत होती.

“बस आहे मगे, सेजल? मोटरसायकल कशाला?”

“आपल्या पाळी गावात येईपर्यंत ती भरते, आई. थांबतच नाही. परवा परीक्षा बुडता बुडता राहिली.”

“तुझे बाबा खनिजाचा ट्रक चालवतात. विचार त्यांना, वरून मोटरसायकल दिसते काय ती.”

“डाव्या दाराला खेटून असली तर नाही दिसत,” वडील म्हणाले.

“ठाऊक आहे, बाबा. रविवारी तुम्ही जेवून झोपलात, तेव्हा तुमच्या सीटवर बसून बघितलं मी. आईला खाली उभी केली होती.”

“अगो! मला म्हणालीस, आरसा पुसायचा आहे!”

“पुसलाच की. तरी तू दिसली नाहीस. डाव्या दाराशी होतीस आणि मला नुसता रस्ता दिसत होता. त्या जागी मी कधीच जाणार नाही, बाबा.”



“पहिला महिना मागे मी बसणार,” वडील म्हणाले.

“कॉलेजपर्यंत? मुलं हसतील!”

“हसू देत.”

“आणि परत कसे येणार?”

“बसने.”

“ती थांबत नाही म्हणते ना मी!”

“मग चालत येईन.”

फोंड्याची गाडी लागली, भरली आणि सुटली. बापलेकीचं बोलणं ऐकत बसलेली सत्यवती बाकावरून उठली नाही.