मोरपंखी भिंत

रुख्माबाई : अन् मोरायची तोंडं रस्त्याकडं काढजो बरं पोरी. लेक सासरी निघाली का मोर दाराकडं पाठ करून रस्त्याकडं पाह्यते. सून घरात आली तरच दाराकडं तोंड.

जयवंता : मालूम आहे, माय. माह्या लग्नातले मोर मीच काढले होते.

रूपराव : ते दिसलेच कुठी कोणाले? पेट्रोमॅक्सचा उजेड अन् मातीची भिंत. तुही सासू मांडवातच बोलली, घराले कळा नाई म्हणून. आता पाह्य म्हणा. लाइट आली, ऑइलपेंट आला. पुलगावचा दुकानदार आकाशी गळ्यात मारून राह्यला होता. मी अडून बसलो, मोरपंखीच पाह्यजे.

(नाचणगावची सकाळ. रूपराव स्वतःच्याच भिंतीवर इतके खूश आहेत, की ओट्याच्या पायऱ्या उतरून पुन्हापुन्हा लांबून बघतात. दाराच्या दोन्ही बाजूंना पसरलेले दोन पिसारे झाले आहेत, माना आणि डोकी राहिली आहेत. रुख्माबाई वाटीत पिवळा रंग कालवते आहे, पण तिचं मन रंगात नाही.)

रुख्माबाई : तुमी निघा आता टेशनावर. गाडीची वेळ झाली. जावई एकटे नाई, इहीनबाईबी येऊन राह्यल्या पोरीले न्यायले.

रूपराव : जातो. जयवंता, असे मोर काढ का तुह्या सासूनं तोंडात बोट घातलं पाह्यजे. मंग तिकडं तुले कोणी वाकडं बोलणार नाई.

जयवंता : भिंत पाहून बोलणं बंद होईन, बाबा?

रूपराव : होते, होते. माणसाले मान दिला का सारं होते. येतो मी.

रुख्माबाई : गेले. तू आता जराशी हसून राह्यजो पावण्यायसमोर. अन् हा पिसारा असा काऊन काढला? सारी रेघ थरथरली. लग्नात तं एका दमात ओढत होती.

जयवंता : डाव्या हातानं काढला.

रुख्माबाई : काऊन? तू काय डावरी आहे?

जयवंता : उजव्यात रंगाची काडी धरल्या जात नाई.

रुख्माबाई : दाखव हात.

जयवंता : राहू दे न, माय. पावणे येतीन.

रुख्माबाई : दाखव म्हटलं तं. आंगठा वळव.

जयवंता : नाई वळत.

रुख्माबाई : आली त्या दिवशी तं म्हणाली, दारात सापडला, उतरन सूज.

जयवंता : दारातच सापडला. दार कोणं लावलं, ते तू इचारलं नाई.

रुख्माबाई : जावयानं?

जयवंता : माहेरी जातो म्हटलं होतं मी. चौकट धरून उभी होती. त्यायनं दार लावलं अन् दाबून धरलं. सासू चुलीजवळ बसून होती. भाकर भाजून झाली, तेव्हा म्हणाली, सोड आता.

रुख्माबाई : अन् मले एका शब्दानं सांगतलं नाई?

जयवंता : दिवाळीले सांगतलं होतं, माय. नवरा मारते म्हणून. तू म्हणाली, साऱ्यायच्याच घरी असते, निभव. मंग आंगठ्याचं काऊन सांगू?

रुख्माबाई : म्हणाली होती. तुले मोटारीत बसवून आली अन् दोन दिवस घास नाई गेला मले. पण बसवलं मीच. आता माहा जीव नुसता जळून राह्यला.

जयवंता : रडू नको. रंग सुकून राह्यला. माना काढाच्या आहे अजून.

रुख्माबाई : आण ती काडी इकडं. कापूस नवा गुंडाळ.

जयवंता : माय, मान तिकडं नाई. रस्त्याकडं पाह्यजे. तूच तं सांगतलं आता.

रुख्माबाई : मले समजते कुठी पाह्यजे ते. तू वाटी धर फक्त. डाव्या हातानं धर.

(दोन्ही मोरांच्या माना काढून होतात, तोच रूपराव घाईने परत येतात.)

रूपराव : आले, आले. गल्लीतल्या बाबारावानं वाटंत धरलं, चहा पाजून राह्यला त्यायले. मी म्हटलं, तवरिक जाऊन पाह्यतो, भिंत झाली का... हे काय? मोर दाराकडं काऊन पाहून राह्यले?

रुख्माबाई : मी काढले.

रूपराव : अवं, इहीनबाईले समजते हे. ओट्यावरूनच मागं फिरन ते बाई. पोरीच्या संसाराचं काय? पुसून टाक, ओलं आहे तवरिक.

रुख्माबाई : जयवंता, बाबाले हात दे.

जयवंता : माय, नको.

रुख्माबाई : दे. तुमी तिचा आंगठा वळवून पाहा. हळू.

रूपराव : हा... हा तं वळतच नाई. कोणं केलं हे?

रुख्माबाई : ज्यायच्यासाठी तुमी भिंत रंगवली, त्यायनं.

जयवंता : बाबा, असे खाली नका बसू. ते गल्लीत आले असतीन.

रूपराव : येऊ दे.

जयवंता : काय सांगसान त्यायले?

रूपराव : डब्यात रंग उरला का, पोरी?

जयवंता : उरला. अर्धा आहे.

रूपराव : झाकण घट्ट लाव त्याचं. ते गेले का तुह्यासाठी मधली खोली रंगवू.