समाहीजच्या किनाऱ्यावर दत्ताकाका

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही बरं का. मागच्या थंडीत ऑफिसच्या लोकांबरोबर बहारीनमधल्या मुहर्रक बेटावरची उत्तरेकडची गावं आणि किनारे बघत फिरत होतो. समाहीजला जाळं शिवत बसलेला एक खलाशी ओरडला, “अरे बंड्या!”

आमच्या गावचे दत्ताकाका! मला पोहायला त्यांनीच शिकवलेलं. पण शेजारी बॉस उभा. माझ्या तोंडून निघालं, “आप कौन?”

काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा बॉसकडे पाहिलं. “सॉरी साब, गलती हो गया,” म्हणाले आणि पुन्हा जाळ्यावर वाकले. मी पुढे चालू लागलो.

आठवड्याने आईचा फोन आला. “दत्ता भेटला ना रे? सांगत होता, बंड्या साहेबांसमोर माझ्या पाया पडला, आग्रहाने जेवायला घेऊन गेला. बरं वाटलं हो ऐकून.”

मी “हो” म्हणालो.