पांढऱ्या कडांची जास्वंद

सासू : नुसती हिरवी फांदी दिसली की बुडातूनच काप. ती माजली की पांढऱ्या कडांच्या पानांना मागे टाकते आणि अख्खं झाड चारचौघांसारखं होऊन बसतं.

सून : कापते, आई. पण पाहुण्यांचं एक विचारायचं होतं...

सासू : विचारायचंय काय त्यात? पोर आतल्या खोलीत राहील.

सून : चार वर्षांची आहे हो ती. सगळे इथे बागेत बसणार आणि ती एकटी आत? लांब बाह्यांचा झगा घालते तिला. कोपरावरचा डाग दिसणारच नाही.

सासू : आणि खेळता खेळता बाही वर केली म्हणजे? माझ्या लेकीचं जमलेलं लग्न तेवढ्यावरून मोडायचं का? तिच्या होणाऱ्या सासूला काडीचं निमित्त पुरतं.

सून : डॉक्टर म्हणाले, हे कोड कुणाला लागत नाही. तिला त्रासही नाही त्याचा.

सासू : डॉक्टरांना मुलगी उजवायची नाहीये. आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हतं हो असलं काही.

सून : आमच्याकडेही कुणाला नाही.

सासू : मग तुझ्यापासूनच सुरुवात म्हणायची. कर्तबगार आहेस. ती ओढणी ताणून बांध बघू झाडावर. दुपारच्या उन्हात या पांढऱ्या कडा करपतात. जीव लावावा लागतो याला.

सून : आई, ही माझी चांगली ओढणी आहे.

सासू : झाडाला जास्त शोभतेय.

सून : मी निदान तिच्याजवळ आत बसू का?

सासू : आणि चहा मी देऊ? पोर कुठाय विचारलं तर मामाकडे गेलीय म्हणायचं. खिडकी लावून घे. तिला समजावलंस ना नीट?

सून : तुम्हीच समजावलंत की सकाळी. पांढरं काही पाहुण्यांसमोर यायला नको म्हणून. तेव्हापासून रंगांचा डबा घेऊन बसलीय.

सासू : मग झालं तर. तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

(दुपार उलटल्यावर, बागेत. पाहुणे अजून यायचेत.)

सासू : अगं, हे काय झालं? कसला लगदा बसलाय पानांवर? इकडे ये आधी, बघ तुझ्या लेकीचे पराक्रम.

सून : बाळा, काय केलंस हे?

मुलगी : रंगवलं. पांढरं होतं ना, ते सगळं हिरवं केलं. आता याला नाही ना आत ठेवायचं, आजी?

सासू : मातेरं केलं माझ्या झाडाचं. फडकं आण गं ओलं. आणि हिला उचल, खोलीत टाक, कडी लाव बाहेरून.

सून : कडी नको, आई. मी सांगते तिला, ती बसेल गप्प.

सासू : फाटकाशी गाडी थांबली बघ. उचल म्हणते ना.

मुलगी : थांब ना आई, माझं राहिलंय अजून. आजी, माझ्या हाताचा रंग डब्यात सापडतच नाहीये. तू देतेस शोधून?